लायसन सुटलं, किल्ली न्हाई

मंडळी, आजचं सांगते. दारू पिऊन टेम्पो चालवला म्हणून कोर्टानं माझ्या नातवाचं, किरणचं, लायसन सहा महिने बंद केलं हुतं. आता ते परत मिळालंय. कोर्टानं सोडलं, मी न्हाई. टेम्पोची किल्ली माझ्या कनवटीला असते. आधी माझ्या नाकासमोर फुंकर मारायची, मग किल्ली. वास दाबायला तोंडात गुटखा असला तर टेम्पो जागेवरच.

आज खर्ड्याला लग्नाच्या मांडवाचं सामान न्यायचं हुतं. लग्नात बाटली असतीच, म्हणून मी शेजारी बसून गेले.

सामान उतरलं तसा मांडववाला म्हणाला, "किरण, घोटभर घे. म्हातारीला काय कळतंय?"

मी केबिनमधून डोकं काढलं. "म्हातारीचं नाक शाबूत हाय. कोर्टात याच्याऐवजी तू उभा राहतो का?"

किरण म्हणाला, "नको दाजी. हिला घरी न्यायचीय."

घरी आल्यावर म्हणतो, "आजी, आता तरी किल्ली माझ्याकडं राहू दे."

मी फुंकर मारायला लावली. वास न्हवता. किल्ली घेतली आन् कनवटीला लावली. पोरगं फुगून बसलंय.

तुमीच सांगा, एका लग्नात प्याला न्हाई म्हणून ह्याला ओवाळू का?