जॅकेटातली घाण

कॅनडातल्या नॉर्थ यॉर्कच्या पाळीव माशांच्या दुकानात, टाकीच्या फिल्टरमध्ये सिरॅमिकच्या रिंगा घालाव्यात की स्पंज, या विवंचनेत मी उभा होतो. घरी लेकीचा एकमेव उरलेला मासा शेवटच्या घटका मोजत होता.

शेजारी कानटोपीतले एक वसईकर गृहस्थ एकेक रिंग हुंगत होते. नाक असं, की कॅनडाचा अर्धा विंटर आत मावावा.

"जुना स्पंज धुतोस काय रे?" माझं मराठी पुटपुटणं ऐकून त्यांनी विचारलं.

"दर शनिवारी! गरम पाण्यात, साबण लावून."

"अरे देवा! माशांची घाण पचवणारे जंतू त्यातच राहतात, आणि तू दर शनिवारी त्यांची कत्तल करतोस? रिंग घे नाहीतर वीट घे, जंतू दुकानात मिळत नाहीत, बाबा. ते पोसावे लागतात."

मग त्यांनी जॅकेटची चेन उघडली आणि छातीशी धरलेल्या पिशवीतून स्वतःच्या टाकीतला बुळबुळीत स्पंज काढला. त्या वासाने दोन गिऱ्हाइकं थेट नायगऱ्यापर्यंत पळाली असावीत! मित्रासाठी आणलेला तो स्पंज त्यांनी भाकरीसारखा अर्धा तोडून मला दिला.

"जपून ने. थंडी लागली तर मरतील बिचारे."

घरी तो स्पंज फिल्टरमध्ये बसवताना लेक "ईऽऽ, बाबा!" म्हणून किंचाळली, पण आठवड्याभरात मासा खायला वर येऊ लागला.

या देशात व्हिजिटिंग कार्डं मला ढिगाने मिळाली. छातीच्या उबेत जपलेली घाण मात्र त्या एकाच माणसाने दिली.