मामांनी चाखलेली गव्हाची बिअर

माझ्या मामेसासऱ्यांच्या जिभेला घाबरत नाही असं एकही स्वयंपाकघर जोगेश्वरीपासून बोरिवलीपर्यंत शोधून सापडलं नसतं. मूळचे मालवणकडचे. तीस वर्षं घाटकोपरला एका चहा कंपनीच्या गोदामात चहा चाखणाऱ्या साहेबांसाठी कप मांडायचं काम त्यांनी केलं. साहेब बदलत गेले, मामा तेच राहिले आणि कप मांडता मांडता त्यांनी सगळ्या साहेबांची विद्या उचलली. या विद्येचा मुख्य भाग म्हणजे आवाज. चमचाभर पदार्थ जिभेवर घ्यायचा, सुर्र करून टाळूपर्यंत ओढायचा, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा. निवृत्तीनंतर तो चमचा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायमचा राहायला आला. माझ्या लग्नात त्यांनी आचाऱ्याजवळ उभं राहून सोलकढी अशी ओढली, की मांडवातल्या लोकांना माईक बिघडल्यासारखं वाटलं.

निकाल कायम उणाच. खोबरं जरा जास्त भाजलंय, सोलं गेल्या वर्षीची आहेत, मीठ घातलंय पण वेळेवर नाही घातलं. पंचाईत अशी, की ते बरोबर असायचे. नळाच्या पाण्याचा घोट घेऊन पाइपलाइनचं काम कुठल्या भागात चाललंय तेही सांगायचे, असं माझी बायको म्हणते, पण ती त्यांची भाची आहे. माझ्या बावीस वर्षांच्या संसारात मामांनी आमच्या घरच्या कुठल्याही पदार्थाला चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही. त्यांच्या मते चांगलं म्हणणारा माणूस एक तर लबाड असतो किंवा उपाशी.

त्यांची मुलगी शर्वरी या जिभेखाली वाढली. दहावीच्या सुट्टीतल्या पहिल्या आमटीपासून तिचा एकही पदार्थ वडिलांकडून पास झाला नाही. पुढे सूक्ष्मजीवशास्त्र शिकून ती अंधेरीला, जिथे बिअर तिथल्या तिथे बनवून विकतात अशा एका ठिकाणी लागली. मामांना त्याचं वावडं नव्हतं. शिमग्याला गावच्या राखणदार देवाला आधी पाजून मग उरलेली आपण घेणाऱ्या घरातले ते. नातेवाइकांना मात्र त्यांनी मुलगी आंबवण्याच्या खात्यात आहे एवढंच सांगितलं, त्यामुळे अर्ध्या नातेवाइकांच्या समजुतीप्रमाणे ती अजून इडलीचं पीठ करते.

गेल्या वर्षी एका तापातून उठल्यावर मामा एकदम मऊ झाले. आमच्याकडे जेवायला आले त्या दिवशी खीर तळाला लागली होती. करपल्याचा वास जिन्यापर्यंत गेला होता. मामांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि म्हणाले, "बरी झाली हा." माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणीच आलं. वय झालं की माणूस निवळतो, असं सगळ्यांचं मत पडलं. मला ते खटकत राहिलं. मी त्यांच्या पाठीमागे दोन उदबत्त्या लावून ठेवल्या, तर त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. तेव्हा मला कळलं, की मामांना वास येत नाही, आणि ते कुणाला सांगत नाहीत. ज्याने जन्मभर नाकाच्या जोरावर मान मिळवला त्याला नाकाबद्दल विचारायला माझी जीभ रेटली नाही.

अशात शर्वरीचा फोन आला. जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर तिने पहिल्यांदाच स्वतःच्या मापाने केली होती, आणि गिऱ्हाइकांना देण्याआधी ती बाबांनी चाखावी अशी तिची इच्छा होती. "भावोजी, हल्ली ते सगळ्यालाच बरं म्हणतात," ती म्हणाली. "याला पण बरं म्हणाले तर मी काय समजू?" मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि रविवारी दुपारी मामांना रिक्षात घालून अंधेरीला घेऊन गेलो. रिक्षात त्यांचा हात सारखा खिशातल्या चमच्याकडे जात होता.

काचेमागे उंच चकचकीत टाक्या होत्या. शर्वरीने लांब ग्लासात गढूळ सोनेरी बिअर ओतली. वर चार बोटं फेस. मामांनी ग्लास घेतला आणि थेट टाकीपुढे जाऊन उभे राहिले. बोट बुडवून त्यांनी तीन थेंब लादीवर शिंपडले आणि खड्या आवाजात देवाला मालवणी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गावचा राखणदार, बारा पाचाचा मेळ, वाटेवरचे सगळे देव, कुणी सुटलं नाही. चेडवान केलेलां गोड मानून घे, चुकलां-माकलां पोटात घाल, असं लेकीसाठी म्हणताच टाक्या धुणारा देवगडचा एक माणूस फडकं खाली ठेवून मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणाला. सगळे हसले. मला मात्र दिसत होतं, की हा माणूस पहिला घोट लांबवतोय.

पण गाऱ्हाणं कधीतरी संपतंच. मामांनी चमच्यात बिअर घेतली, सुर्र करून ओढली, डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. ते "बरी झाली" म्हणतील आणि हिचा जीव तुटेल, या भीतीने मी जमिनीकडे बघत राहिलो.

"चेडवा," मामा म्हणाले, "माझां नाक गेलां. वरीस झालां. गोड-कडू तेवढां कळतां. तुझ्याशी खोटां नाय बोलूचंय."

शर्वरी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली, स्वतः एक घोट घेतला आणि म्हणाली, "मी सांगते, तुम्ही प्या. आधी केळं येतं, बाबा. वेलची केळ्याची साल काळी पडायला लागते ना, तसं. मग लवंग. मी घातली नाहीये, यीस्टचाच वास तो. जिभेवर राहते बराच वेळ. आणि सगळ्यात खाली, आपल्या गल्लीत सकाळी पावाच्या भट्टीपुढून जाताना येतो ना, तसा."

मामा एकेक चमचा ओढत ऐकत होते. ती भट्टीपर्यंत आली तेव्हा ते थांबले, कपाळाला आठ्या पडल्या, आणि वर्षभराने तो जुना आवाज आला. "लवंग वायच जास्त झाली."

शर्वरीने तोंड दुसरीकडे फिरवून डोळे पुसले आणि ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या टाकीत तिने खरंच लवंग कमी येईल असं केलं, आणि ती बिअर जास्त चांगली झाली असं तीच म्हणते.

आता मामांसोबत जेवायला बसलं की कुणीतरी शेजारी बसून त्यांना चव सांगायची असते. ऐकून ते नावं ठेवतात आणि माझी बायको पूर्वीसारखीच वैतागते. सकाळच्या चहाला ते आमच्याकडे आले की कधी कधी पाळी माझ्यावर येते. मी जन्मभर चहा नुसता गरम आहे म्हणून प्यायलेला माणूस. परवा घोट घेऊन मी म्हणालो, चांगला आहे. मामा कप हातात धरून माझ्याकडे बघत राहिले.

"जावयबापू," ते हळूच म्हणाले, "चांगलो म्हंजे कसो?"

मी दुसरा घोट घेतला आणि डोळे मिटले.