बोटीचा पाय

अक्का बुडाली तेव्हा मी पाण्यावरच होतो, होडीत, वल्हं मारत.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, धरणाच्या काठाला. आम्ही भोई. घरातले सगळे बाप्ये मच्छीमार सोसायटीचे सभासद. माझी थोरली बहीण समोरच्याच काठावर दिलेली. वारा पडला की तिच्या गावची कुत्री भुंकलेली आमच्या अंगणात ऐकू यायची, पण रस्त्यानं जायचं तर धरणाच्या भिंतीला वळसा घालून अर्धा दिवस मोडायचा. त्या साली पाऊस झालाच नाही. कापूस बोंडं धरायच्या आधीच वाळून गेला, विहिरींचे तळ उघडे पडले आणि जनावरांची छावणी आमच्या काठाला पडली. पल्याडचे गडी जनावरं घेऊन छावणीतच राहायला आले. त्यांच्या बायका दुपारी भाकरी घेऊन तराफ्यावरून यायच्या. तराफा म्हणजे काय, थर्माकोलचे ठोकळे, वर फळी आणि सगळं नायलॉनच्या दोरीनं आवळलेलं. दाजी दोन बैल आणि एक म्हैस घेऊन छावणीत होते, म्हणून अक्काही यायची.

त्या दुपारी एकदम वारं सुटलं आणि तराफा पाण्याच्या मधोमध उलटला. काठावरून ओरडा झाला तशी आम्ही तिघांनी होडी लोटली. वल्ही मारून तळहात सोलले, पण ती जागा काही जवळ येईना. एक बाई ठोकळ्याला मिठी मारून तरंगत होती, तिला घेतलं. अक्का दिसलीच नाही. दिवस मावळताना ती जाळ्यात आली.

दाजी काठावर उभे होते. त्यांना पोहता येत नाही. त्यांनी पहिल्यापासून सगळं पाहिलं होतं.

अक्काचे दिवस घातल्यावर सोसायटीची बैठक बसली. चेअरमन म्हातारे, कमी बोलणारे. ते म्हणाले, "छावणी हाय तवर बाया येत राहणार. येऊ नका म्हणून कुणी ऐकायचं न्हाई. आपल्याकडं पळणारी बोट पायजे." कुणीच आडवं बोललं नाही. मी काही वर्षं कोकणात, पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटींच्या यार्डात इंजिनं दुरुस्त करत होतो, त्यामुळं हे काम माझ्याकडं आलं. त्याच यार्डात एक जुनी फायबरची बोट पडून होती. निमुळती, अंगानं हलकी, शर्यतीसाठी बांधलेली. इंजिन धडधाकट होतं, पण मागचा ड्राइव्ह खडकावर आपटून गेलेला. अशा बोटीत इंजिन पोटात असतं आणि मागच्या बाजूनं एक पाय, म्हणजे हाच ड्राइव्ह, खाली पाण्यात सोडलेला असतो. इंजिनाची ताकद त्या पायातून खालच्या पंख्याला मिळते, बोट वळते तीही त्या पायानंच. पाय नसला तर इंजिन कितीही मोठं असो, बोट जागची हलत नाही.

ट्रकवर घालून बोट आणली आणि काठावरच्या कडुलिंबाखाली ठेवली. आता पाय कुठला बसवायचा ते ठरवायचं होतं. एक होता एका पंख्याचा, असल्याच शर्यतीच्या बोटींना लावतात तो. दुसऱ्याला एकामागं एक दोन पंखे, एकमेकांच्या उलट फिरणारे. मोकळ्या पाण्यात सरळ पळायचं तर पहिला पुढं जातो. मला दुसरा हवा होता.

दाजी रोज छावणीतून यायचे आणि बोटीच्या सावलीला बसायचे. दाढी वाढलेली, डोळे तांबडे. बोलायचे ते एवढंच, "लई पळंल ना ही?"

एक दिवस मी त्यांना दोन्ही पाय समजावून सांगितले. म्हटलं, "दाजी, आपलं पाणी म्हणजे समुद्र न्हाई. सगळा जोर मिळायच्या आधीच पल्याडचा काठ येतो. बोट वजन घेऊन पाण्याच्या वर किती लवकर उचलते, अन माणसाजवळ गेल्यावर किती नीट थांबते, ते बघायचं. दोन पंख्यांचा त्याला बरा."

"पण पळतो कुठला जास्त?"

"एका पंख्याचा."

ते उठून उभे राहिले. "तुमची होडी पोचली न्हाई म्हणून ती गेली. अन आता तू कमी पळणारा घेतो? कावून? तुझी बहीण नव्हती का ती?"

रोज काठावर जाऊन मीही तेच मोजत होतो, कुठली बोट असती तर तिच्यापर्यंत वेळेत गेली असती. आपलं म्हणणं बरोबर आहे की नाही याची मलाही खात्री राहिली नव्हती. हे कानावर गेलं तसे चेअरमन म्हणाले, "यार्डात जाताना ह्यांना संगं घेऊन जा. डोळ्यांनी बघू दे."

दाजींनी समुद्र कधी पाहिला नव्हता. यार्डाच्या धक्क्यावर आले आणि पाण्याकडं पाठ करून उभे राहिले. तिथल्या मालकाकडं सारख्या बांधणीच्या दोन बोटी होत्या, एकीला एक पंखा, दुसरीला दोन. मी यार्डातली जुनी ओळखीची माणसं दोन्हींत सारखी बसवली, म्हणजे वजन तेवढंच राहील. लांब पाण्यात एक रिकामा डबा सोडला. दाजींना म्हटलं, "हा डबा तुमी उचलायचा."

पहिली एका पंख्याची. निघताना तिनं नाक आभाळाला लावलं आणि ढुंगणावर बसून राहिली. समोरचं काही दिसेना. मग एकदाची आडवी झाली आणि अशी सुटली, की दाजी दोन्ही हातांनी कठडा धरून ओरडले, "हीच! हीच घे!" पण डब्याजवळ वेग तोडला तरी ती पुढं निघून गेली. वळवून आणली तर तिच्या लाटेनं डबा लांब ढकलला. मागं घेतली तर शेपूट एका अंगाला ओढायला लागली. दाजी वाकून हात लांबवत होते आणि डबा हाताला लागत नव्हता. त्यांचं तोंड पांढरं पडलं.

दुसरी बोट जागेवरूनच उचलली. पळाली थोडी कमी. डब्याच्या जेमतेम पुढं जाऊन थांबली आणि मी ती उलटी, सरळ रेषेत, हळूहळू मागं घेत नेली. दाजींनी खाली वाकून डबा उचलला. छातीशी धरला आणि तिथंच बसून रडायला लागले. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. अक्का गेल्यापासून ते रडले नव्हते. यार्डातली माणसं दुसरीकडं बघत राहिली.

धक्क्यावर उतरल्यावर म्हणाले, "हाच घे."

तो पाय यायला आणि बसवायला उन्हाळा निम्मा सरला. तोवर पाणी लिंबापासून लांब गेलं होतं. मधे नुसता गाळ, वरून भेगाळलेला, आत मऊ. पाण्यात बुडालेल्या बाभळींची खोडं वर आली होती. बोट पाण्यापर्यंत न्यायची कशी? ट्रॅक्टर घातला तो निम्म्या चाकापर्यंत रुतला. मग दोन्ही काठांची माणसं आली. उसाचं वाळलेलं पाचट आणि पत्रे गाळावर टाकले, दोर बांधला आणि ओढायला लागले. कुणी गुडघ्यापर्यंत गाळात, कुणी कमरेपर्यंत. उन्हात दोघांना भोवळ आली. बोट पाण्याला टेकली तेव्हा कुणी आनंदानं ओरडलं नाही. सगळे होते तिथंच गाळात बसले.

भाकरीच्या वेळेला आम्ही बोट पाण्यात उभी ठेवायला लागलो. मी चालवायला, दाजी पुढं बसायला. पाय अर्धा वर उचलून, खोडं चुकवत. इंजिन गार ठेवायला ओढलेल्या पाण्यातून गाळ आत यायचा आणि ते तापायचं, म्हणून मी पाणी आत घ्यायची जाळी पुन्हा पुन्हा साफ करत असे. आणि एका दुपारी ते झालंच. वारं आलं आणि एक सासू आणि तिची नवी सून असलेला तराफा पालथा झाला.

बोट लगेच उचलली. सासू फळीला धरून होती. सून दिसत नव्हती. मी थांबलो, मागं घेतलं. दाजी कमरेपर्यंत बाहेर लटकले होते, मी एका हातानं त्यांचा पट्टा धरला होता. त्यांच्या हाताला लुगड्याचा पदर लागला. त्यांनी ओढलं. पोरगी निळी पडलेली. काठावर आणून पालथी घातली, पाठ दाबली, तेव्हा तिच्या तोंडातून पाणी गेलं आणि ती खोकली.

सगळी माणसं दाजींच्या पाठीवर हात ठेवायला लागली. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "ही निघाली की रं. मग ती का न्हाई निघाली?" आणि ओल्या कपड्यांनी छावणीकडं चालू लागले. पुढं छावणी उठेपर्यंत ते बोटीवर येत राहिले, पण तो प्रश्न त्यांनी मला पुन्हा विचारला नाही.

थोड्या दिवसांनी ती सून आपल्या सासूबरोबर आमच्या घरी आली. पदराखाली गूळ आणि शेंगदाणे होते. अक्का गेल्यापासून माझी माय कुणाशी धड बोलत नव्हती. तिनं त्यांना घरात या म्हटलं नाही. सासू अवघडून दारातच बसली. मी पाणी आणायला उठलो, तोच माय त्या पोरीजवळ सरकली आणि तिचा हात धरला.

"बाई, एक इचारू? खाली गेलतीस, तवा तुला काय वाटलं गं?"

पोरगी घाबरून सासूकडं बघायला लागली. मग म्हणाली, "आधी लई भ्या वाटलं. मंग... मंग काईच न्हाई. हिरवं हिरवं दिसलं. झोप आल्यावानी झालं."

"दुखलं न्हाई?"

"न्हाई."

मायनं तिचा हात सोडला नाही. दुसऱ्या हातानं तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. मग माय उठली, चुलीवर चहा ठेवला आणि त्यांना आत बोलावलं.