घुमटातला बॅस्कम

आमच्या पेल्टन काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, कोर्ट बॅस्कम घराण्याच्या आजोबांनी बांधलं, वडिलांनी झाकलं आणि नातू ते पाडायला निघाला. आडवा आला डेलबर्ट रकमन. तो कोर्टाचा सफाईवाला, बॉयलरवाला आणि घड्याळवाला, तिन्ही एकाच पगारात.

१८९३ साली आमच्या गावात भांडणारी माणसं थोडी आणि कोर्टात खुर्च्या जास्त होत्या. पण शेजारच्या काउंटीच्या कोर्टाला मनोरा होता, म्हणून आम्हाला त्याहून बारा फूट उंच मनोरा हवा. पिवळ्या चुनखडीच्या त्या मनोऱ्यावर चार दिशांना चार घड्याळं बसवली. चारही आपापल्या मर्जीची वेळ दाखवायची. न्यायदालनाच्या घुमटात न्यायदेवता रंगवली आणि तिच्या पायाशी, ज्ञानी पुरुष म्हणून, खुद्द बॅस्कम आजोबा. चित्रकाराला त्यांनी अटच घातली होती तशी. १९२७ साली त्यांच्या मुलानं, शेगडीची ऊब वर जाते म्हणून, खाली पांढरं फॉल्स सीलिंग ठोकलं. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या बाईला आणखी अंधारात कोंडणं, हे आमच्या कान्सासमध्येच सुचू शकतं.

१९७४ साली नातू लाईल बॅस्कम काउंटीचा कारभार पाहणाऱ्या आयुक्त मंडळाचा अध्यक्ष झाला. त्याला सपाट छपराची, बुटाच्या खोक्यासारखी इमारत हवी होती. सोमवारी जनसुनावणी ठरली.

"या इमारतीवर जीव कशाला टाकतोस, डेलबर्ट?" लाईल म्हणाला. दोघे एकाच वर्गातले. "नव्या इमारतीत तुला पुसायला जिनासुद्धा नसेल."

"तेच तर," डेलबर्ट म्हणाला. "मग मी तुमच्याकडे वरून बघणार कुठून?"

मी तेव्हा कोर्टातच, जमिनीच्या दस्तांच्या खात्यात होते. रविवारी सकाळी, सगळं गाव चर्चमध्ये असताना, डेलबर्टनं मला बोलावलं. "वर्ना, हे मचाण धर. देवाला सांग, आज दोघांनाही ताप आहे."

त्यानं सीलिंगचे पत्रे एकेक करून उतरवले. न्यायदेवता तिथेच होती, धूळ खात, पण धड. बॅस्कम आजोबांचा चेहरा मात्र ओल लागून पोपडे होऊन पडला होता. दाढीखाली कोट, दाढीवर नुसता चुना. डेलबर्ट मचाणावर पाय सोडून बराच वेळ बसला. मग खाली जाऊन दारांना लावायचा ऑइलपेंट घेऊन आला.

"अरे, आजोबांचा चेहरा तुला आठवतोय का?" मी विचारलं.

"मी जन्मायच्या आधी गेले ते. लाईलचा काढतो. रोज बघून पाठ झालाय."

"आणि नाक?"

"नाक मूळच्यापेक्षा बरं काढतो. म्हणजे लाईलला पटकन पटेल."

सोमवारी न्यायदालनात आर्किटेक्ट नकाशा टांगून सांगत होता की या वास्तूत जपण्यासारखं काहीही नाही. ऐकत कोणी नव्हतं. सगळ्यांच्या माना वर. शेवटी म्हाताऱ्या आयडा केसलर काठी रोखून ओरडल्या, "अगं बाई! लाईल, हे तर तुझे आजोबा! हुबेहूब तूच!"

लाईलनं वर पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग बोटानं स्वतःचं नाक हळूच चाचपलं.

"आपल्या पूर्वजांचा वारसा," तो घसा साफ करून म्हणाला, "पाडणारे आपण कोण?"

दहा मिनिटांत कोर्ट पाडायचा ठराव बारगळला. आर्किटेक्टनं नकाशा गुंडाळला. मी डेलबर्टकडे पाहिलं. तो दाराशी उभा राहून नखांतला पेंट काढत होता. त्या आठवड्यात आयुक्तांनी दोन पत्रं काढली. एकात काउंटीचा इतिहास वाचवल्याबद्दल लाईलचं अभिनंदन, आणि दुसऱ्यात सरकारी सीलिंगची मोडतोड केल्याबद्दल डेलबर्टला ताकीद. त्यानं ती फ्रेम करून बॉयलरच्या वर लावली. पाहुण्यांना तो कौतुकानं दाखवायचा. पण एकदा मला म्हणाला, "वर्ना, एक शब्द तरी चांगला लिहायला हवा होता यांनी." तेवढंच. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी तो गेला. दफनानंतर चर्चच्या तळघरात सगळ्यांच्या जेवणाआधी लाईल भाषणाला उभा राहिला आणि वीस मिनिटं बॅस्कम घराण्यावरच बोलला. अखेर म्हणाला, "आणि या कामात आमच्या एल्बर्टचाही खारीचा वाटा होता."

"डेलबर्ट," पहिल्या रांगेतून त्याची बायको ओपल मोठ्यानं म्हणाली. "आणि आता बस खाली, लाईल. बटाट्याचं थंड सॅलड गरम होतंय."