बंद शाळेतलं स्वयंपाकघर

हॉल्ब्रुक शाळा बंद पडून बरीच वर्षं झाली, तरी अर्नस्टीन प्रुइटबाई सकाळी पडदा सारल्यावर आधी समोरच्या त्या इमारतीकडेच बघायच्या. तिच्या तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात त्यांची उभी हयात गेली होती. शिकागोच्या साउथ साइडला त्यांच्या गल्लीत राहणाऱ्या काळ्या माणसांपैकी निम्मी तरी लहानपणी दुपारचं त्यांच्याच हातचं जेवलेली. ताटात पालेभाजी टाकून उठणाऱ्या पोराला त्या बाहीला धरून परत बसवायच्या. ती पोरं आता स्वतः आईबाप झाली होती, पण रस्त्यात दिसली की अजूनही "मिस अर्नस्टीन" म्हणत टोपी काढायची.

पोरं कमी झाली म्हणून शहराने शाळा बंद केली. त्यानंतर वस्तीने त्या इमारतीसाठी किती वेळा हात पसरले, त्याला गणती नाही. म्हाताऱ्यांना बसायला एखादी खोली द्या, दवाखाना काढा, रिकाम्या तरुणांना काही हातकाम शिकवा. दर वेळी एकच उत्तर यायचं: बॉयलर गेलाय, दुरुस्तीला पैसा नाही.

मग एका जानेवारीत शाळेसमोर ट्रक उभे राहिले. माणसं घडीच्या खाटा आत नेऊ लागली. आठवडा गेला नाही तोच शाळेचं धुराडं वाफ सोडायला लागलं. हा काय प्रकार आहे ते अर्नस्टीनबाईंना शेजारच्या व्हेल्माकडून कळलं. दोघी एकाच चर्चच्या, आणि एकमेकींची उणीदुणी काढत म्हाताऱ्या झालेल्या.

"टेक्सासच्या सीमेवरून बसमध्ये भरून पाठवलेली माणसं आहेत ती, व्हेनेझुएलाची," व्हेल्मा कुंपणापाशी म्हणाली. "आश्रय मागतायत. इतके दिवस पोलीस चौकीच्या फरशीवर झोपत होती. आता आपल्या शाळेत."

"आणि आपल्याला कोणी विचारलं?"

"तुला कोण विचारतंय, अर्नस्टीन? तुला तर तुझी सूनही विचारत नाही."

वस्ती तापली तेव्हा नगरसेवक हॅरल गेन्सने चर्चच्या सभागृहात बैठक लावली. गेन्स वस्तीतलाच, हॉल्ब्रुकमध्येच शिकलेला. त्याने शांतपणे समजावायचा प्रयत्न केला. बस कधी येणार हे सीमेवरचे लोक कळवत नाहीत, थंडी जीवघेणी आहे, लेकरंबाळं आहेत. मागून कोणीतरी ओरडलं, "आमची लेकरं काय दगडाची आहेत?" मग अर्नस्टीनबाई उठल्या. गुडघा दुखत होता, म्हणून पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या.

"हॅरल, मला एवढंच सांग. आम्ही मागितलं तेव्हा बॉयलर मोडका होता. यांच्यासाठी आठवड्यात बरा झाला. मग मोडकं होतं ते काय, बॉयलर की तुमची नियत?"

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. संध्याकाळच्या बातम्यांत तेवढंच वाक्य दाखवलं आणि अर्नस्टीनबाई एका दिवसात निर्वासितांच्या विरोधातल्या पुढारी होऊन बसल्या. कुठल्या कुठल्या अनोळखी गोऱ्या माणसांचे शाबासकीचे फोन आले. ते मात्र त्यांना आवडलं नाही. एकाला तर त्यांनी सुनावलं, "बाबा, तू या गल्लीत कधी पाय ठेवलायस का? मग तुला कसला राग आलाय?"

माणसं राहायला आली. अर्नस्टीनबाई खिडकीतून बघायच्या, पण पलीकडे गेल्या नाहीत. सकाळी एक गाडी जेवणाचे डबे टाकून जायची. शहराने निवारा चालवायचं काम एका कंपनीला दिलं होतं, कंपनीने जेवणाचं कंत्राट तिसऱ्याच कोणाला दिलं होतं. थंडगार पाव, त्यात मांसाची पातळ चकती, आणि एक सफरचंद. दुपारी बाहेरची कचराकुंडी न उघडलेल्या डब्यांनी भरून जायची. अर्नस्टीनबाईंना त्याचा फार राग यायचा. फुकटचं मिळतंय तर माज आलाय, असं त्या व्हेल्माला म्हणाल्याही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्या चर्चमधून परतत होत्या. शाळेत आगीची घंटा वाजत होती आणि सगळी माणसं फुटपाथवर उभी होती. वारा असा की डोळ्यांतून पाणी यावं. बायकांच्या पायांत रबरी चपला, पोरं ब्लँकेटात गुंडाळलेली. अग्निशमनवाले आत होते, त्यामुळे कोणाला आत जाता येत नव्हतं. अर्नस्टीनबाई घराच्या पायऱ्यांपर्यंत गेल्या, किल्ली काढली, दार उघडलं. मग मागे वळल्या आणि हाताने खुणावलं. कोणी हललं नाही. टीव्हीवर बोललेली बाई हीच, हे त्यांच्यातल्या काहींना माहीत असावं.

"या की आत," त्या खेकसल्या. "दार उघडं ठेवून मी काय अख्खं शिकागो तापवू?"

शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. बायका आणि पोरं आत आली. बैठकीची खोली भरली, जिना भरला. अर्नस्टीनबाईंनी कोट न काढताच ओट्याकडे जाऊन मोठ्या पातेल्यात दूध चढवलं.

सगळ्यांत मागे दाराशी टेकून एक तरुण बाई रडत होती. कडेवर तीन-चार वर्षांची मुलगी. नाव युस्बेलीस. तिने फोनवर भाषांतराचं यंत्र लावलं आणि त्यात काहीतरी बोलली. फोन तुटक सुरात म्हणाला, "आग मी आहे."

"काय?"

युस्बेलीसने परत बोलून पाहिलं. "आग माझ्यामुळे झाली. मी मुलीसाठी भाकरी जाळत होते."

हळूहळू उलगडा झाला. युस्बेलीसचं माराकाइबो शहरात खाण्याचं लहानसं दुकान होतं. जंगल तुडवत, नद्या ओलांडत इथवर येताना मुलीला पोटाचं दुखणं लागलं. ती थंड डबा तोंडात घालत नव्हती, घातला तर ओकत होती. म्हणून युस्बेलीसने विजेची एक शेगडी मिळवून वर्गात कपाटामागे लपवली होती, आणि मक्याच्या पिठाच्या जाडसर भाकऱ्या, अरेपा, भाजत होती. त्या दिवशी ब्लँकेटचं टोक शेगडीवर पडलं. आग लगेच विझली, पण नियम मोडला होता. आता तिला निवाऱ्यातून काढणार होते.

अर्नस्टीनबाईंनी फोन जवळ ओढून सावकाश, मोठ्याने विचारलं, "ते डबे तुम्ही फेकता, ते नावडतात म्हणून?"

उत्तर दुसऱ्याच एका म्हाताऱ्या बाईने दिलं. फोन म्हणाला, "सेन्योरा, पहिला आठवडा आम्ही खाल्ले. नंतर आतडी संपावर गेली." यंत्राने नीट सांगितलं की बिघडवून, कळायला मार्ग नव्हता, पण अर्नस्टीनबाईंना हसू आलं.

दुसऱ्या दिवशी त्या शाळेत गेल्या. बंद झाल्यापासून पहिल्यांदाच. निवाऱ्याची व्यवस्थापक कॅमिल नावाची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेली बाई होती. अर्नस्टीनबाईंनी आधी युस्बेलीसबद्दल रदबदली केली. कॅमिल म्हणाली, "यावेळी ताकीद देऊन ठेवते. पण मिस अर्नस्टीन, शेगड्या लपवणारी ती एकटी नाही. मी रोज जीव मुठीत धरून झोपते."

"मग खाली स्वयंपाकघर आहे ते का उघडत नाही?"

"गॅसची लाईन धोक्याची आहे म्हणतात."

"म्हणतात. बॉयलरबद्दलही असंच म्हणायचे."

अर्नस्टीनबाईंनी गेन्सला फोन लावून पिच्छा पुरवला. शेवटी शहराचा माणूस तपासायला आला आणि बाई स्वतः त्याच्यामागे बॅटरी धरून उभ्या राहिल्या. त्याने भिंतीतला पाइप उघडून दाखवला. गंजून चाळण झाली होती. याच पाइपाच्या जोरावर आपण शेकडो पोरांचं जेवण शिजवत होतो, या विचाराने त्यांच्या अंगावर काटा आला. "हे खरंच होतं म्हणायचं," त्या पुटपुटल्या, आणि गेन्सला त्यांनी फोन करून तसं सांगितलंही.

"मिस अर्नस्टीन, लाईन बदलता येईल," गेन्स म्हणाला. "डब्यांच्या कंत्राटावर जातो त्याहून कमीच लागेल. राज्याकडून मदत आली आहे, त्यातून करता येईल. पण मग वस्ती म्हणेल, बघा, पुन्हा त्यांच्यासाठीच."

"म्हणेलच. म्हणून मी सांगते ते ऐक. स्वयंपाकाला वस्तीतल्या बायका घ्यायच्या, पगार देऊन. आणि दुपारचं गरम जेवण वस्तीतल्या म्हाताऱ्यांनाही मिळालं पाहिजे, त्याच हॉलमध्ये, त्याच टेबलांवर. असं करणार असशील तर मी तुझ्या बाजूने उभी राहते. नाहीतर पुन्हा टीव्हीवर जाते."

गेन्स हसला. "धमकी देताय?"

"तू पालेभाजी टाकायचास, तेव्हापासून देतेय."

लाईन बदलायला शहराने वसंत ऋतू उजाडवला. मधल्या काळात व्हेल्माने अर्नस्टीनबाईंशी बोलणं टाकलं होतं. एक दिवस चर्चच्या पायरीवर तिने तोंड उघडलं ते टोमणा मारायलाच. "टीव्हीवर वाघीण आणि आता त्यांच्या दारात मांजर. काय दिलं गं तुला हॅरलने?"

"तुला नोकरी दिलीय. भांडी घासायची. येतेस का?"

व्हेल्मा आठवडाभर फुगून बसली आणि मग आली. भांडी मात्र तिने घासली नाहीत. पहिल्याच दिवशी पावाच्या भट्टीचा ताबा घेतला.

स्वयंपाकघर सुरू झालं. सोमवारी मक्याची खीर आणि अंडी, मंगळवारी काळ्या घेवड्याची उसळ आणि भात, बुधवारी कोंबडी. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी पहिल्या दिवशी वेगळं टेबल धरलं. नंतर जागाच पुरेना, तेव्हा मिसळून बसू लागले. फार मैत्री झाली असं नाही. एका आजोबांची शेवटपर्यंत तक्रार होती की ही माणसं जेवताना फार बोलतात. अरेपा अर्नस्टीनबाईंना कधीच आवडला नाही. "मीठ विसरलेली कॉर्नब्रेड, आमचा मक्याचा पाव," त्या म्हणायच्या. युस्बेलीस म्हणायची की सेन्योरांची कॉर्नब्रेड म्हणजे केक, जेवणाआधीच शेवटचं गोड.

युस्बेलीस रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची. हात लावायची सोय नव्हती. आश्रयाचा अर्ज केला, तरी कामाची परवानगी मागायलासुद्धा काही महिने थांबावं लागायचं. मागितल्यावर मिळायला आणखी वेळ. परवान्याशिवाय तिला कामाला लावलं तर कंपनी अडचणीत आली असती. पगार न घेता कांदे चिरते म्हणाली, तर त्यालाही कॅमिलने नाही म्हटलं.

"हे कसलं शहाणपण?" अर्नस्टीनबाई तिच्यावरच चिडल्या. "धडधाकट बाईला कायदा सांगतो, बसून खा. आणि मग लोक म्हणतात, बघा, बसून खातात."

"मी केला नाहीये तो कायदा," कॅमिल म्हणाली. "वॉशिंग्टनचा आहे. शहराच्या हातात नाही, राज्याच्याही नाही."

"मग त्यांच्या हातात काय आहे?"

हातात थोडं होतं. शहराने आणि राज्याने मिळून वकिलांचं शिबिर भरवलं. एका मोठ्या इमारतीत सकाळी माणसं न्यायची आणि संध्याकाळपर्यंत त्यांचे परवान्याचे अर्ज तयार करून, बोटांचे ठसे घेऊन परत आणायची. ज्यांना एरवी महिनोन्महिने वकील मिळत नव्हता, त्यांचं काम दिवसात होत होतं. युस्बेलीसला तिथे घेऊन गेल्या त्या अर्नस्टीनबाईच. दिवसभर मुलीला मांडीवर घेऊन बसल्या. वकील पोरीने जंगलातल्या प्रवासाबद्दल आणि नवऱ्याबद्दल विचारलं, तेव्हा युस्बेलीस बराच वेळ बोलत होती. दुभाषा हलक्या आवाजात सांगत होता. निवडणुकीत विरोधकांचं काम केलं म्हणून नवऱ्याला घरातून उचलून नेलं होतं, आणि प्रेत दाखवलं ते पोत्यात. अर्नस्टीनबाईंनी मुलीचे कान आपल्या तळव्यांनी झाकले. मुलीला ती भाषा आपल्याहून चांगली कळते, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

परवाना उन्हाळ्याच्या शेवटी आला. पण त्याच सुमारास निवाऱ्यातली मुदत संपली. राज्याने काही महिन्यांचं भाडं भरायचं मान्य केलं होतं, आणि खोली मिळाली ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मुलीची इथली बालवाडी सुटली, तिकडे पहिल्यापासून सुरुवात. स्वयंपाकघरातली नोकरी आता कायद्याने करता आली असती, पण दोन बस आणि एक रेल्वे बदलून रोज येणं जमण्यासारखं नव्हतं. अर्नस्टीनबाईंनी गेन्सला विचारलं, "जवळपास घर का नाही शोधत? एवढ्या रिकाम्या इमारती आहेत आपल्याकडे."

"त्यांचे मालक निवाऱ्यातल्या लोकांना घर देत नाहीत."

"आणि तुम्ही मालकांना काही म्हणत नाही."

युस्बेलीसला तिकडेच एका हॉटेलात भाज्या चिरायचं काम लागलं. निघताना तिने अर्नस्टीनबाईंना मिठी मारली. बाईंना अशा मिठ्यांची सवय नव्हती, त्या ताठच उभ्या राहिल्या आणि मग तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं.

पुढच्या वर्षी बस यायच्या थांबल्या आणि निवारा बंद करायचं ठरलं. पुन्हा चर्चमध्ये बैठक. यावेळी भीती वेगळी होती. इमारतीला परत कुलूप लागणार, स्वयंपाकघर जाणार. अर्नस्टीनबाई बोलल्या, पण टाळ्या पडाव्यात असं काही बोलल्या नाहीत.

"मी तेव्हा बोलले त्यातला एक शब्द मागे घेत नाही. आधी आम्हाला विचारायला हवं होतं. पण त्या माणसांमुळे हे दार उघडलं हेही खरं आहे. आता ती गेली म्हणून आम्हाला बाहेर काढू नका. उद्या पुन्हा कोणी आलं, तर स्वयंपाकघर तयार असेल, शिजवणारे हात तयार असतील. थंड डबे मागवावे लागणार नाहीत."

अर्ध्यावर तडजोड झाली. वरचे मजले बंद झाले. तळमजला, हॉल आणि स्वयंपाकघर शहराने वस्तीकडे ठेवलं, आधी एका वर्षासाठी, मग आणखी एका. दवाखान्याचं अजून बोलणंच चालू आहे.

अर्नस्टीनबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता उभं राहून स्वयंपाक होत नाही, म्हणून सगळं व्हेल्मा बघते आणि बाई खुर्चीवर बसून तिच्या चुका काढतात. युस्बेलीसचा आश्रयाचा खटला अजून न्यायाधीशासमोर आलेला नाही. तारीख पुढे पुढे जाते. रविवारी तिचा फोन येतो. आता यंत्राची गरज लागत नाही, इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. गेल्या रविवारी ती सांगत होती की मुलीने शाळेतलं दुपारचं जेवण टाकलं म्हणून तिच्या शिक्षिकेने घरी चिठ्ठी पाठवली.

"काय होतं जेवायला?" अर्नस्टीनबाईंनी विचारलं.

"ब्रोकोली."

"मग बरोबर केलं पोरीने," अर्नस्टीनबाई म्हणाल्या. "शिजवायला येत नाही त्या लोकांना."