कॅम्पबाईंची बारीक दोरी

कॅम्पबाई दुकानात दोरी घ्यायला गेल्या की आधी तांब्याभर पाणी मागायच्या. दुकानदाराला वाटायचं, बाईंना तहान लागली. बाई त्या पाण्यात दोरीचं टोक बुडवायच्या, पिळायच्या आणि मग दोन्ही हातांनी ताणून बघायच्या. कोरड्या दोरीवर त्यांचा विश्वास नव्हता. "कोरडी असताना सगळ्याच चांगल्या," त्या म्हणायच्या, "भिजली की कळतंय."

भालकीला आमच्या शाळेत त्या ड्रिल शिकवायच्या आणि मी नुकतीच मराठी शिकवायला लागले होते. म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं, त्या सुमाराची ही गोष्ट. ठेंगणी, सावळी, भरभर चालणारी बाई. यजमान तहसील कचेरीत होते. बाई कॅम्पच्या मागे लागल्या की घरातला स्वयंपाक ते मुकाट्यानं करायचे. मात्र बाईंना 'कॅम्पबाई' हे नाव पडलं, तेव्हा त्यांनी एकही कॅम्प घेतलेला नव्हता. नाव चिडवायला ठेवलेलं होतं, कारण त्या दरवर्षी मुलींचा कॅम्प मागायच्या आणि दरवर्षी त्यांना नकार मिळायचा.

मुलांचा कॅम्प मात्र थंडीत नेमानं जायचा. मुलींना का नाही, याचं हेडमास्तरांकडे ठरलेलं उत्तर होतं. "बाई, तंबू जड असतात. मुली ते उचलणार कशा? आणि गडी लावून तंबू उभे करायचे तर तो कॅम्प कसला?"

मुलीही उचलतील, असा वाद बाईंनी बरीच वर्षं घातला होता. त्या वर्षी त्यांनी तो सोडून दिला. एवढंच म्हणाल्या, "ठीक हाय सर. मग तंबूच हलका करते."

आणि त्या कामाला लागल्या. जाड ताडपत्रीच्या जागी घट्ट विणीचं सुती कापड आणून त्यांनी शिंप्याकडून तंबू शिवून घेतले. खांबांसाठी बारीक बांबू निवडले. राहिल्या त्या दोऱ्या. जुन्या तंबूंच्या काथ्याच्या दोऱ्या अंगठ्याएवढ्या जाड, भिजल्या की पोतंभर ओझं. सुताची दोरी हलकी, पण भिजली की आखडायची आणि जमिनीतल्या खुंट्या उपटून काढायची. रविवारी मी त्यांच्याबरोबर बाजारात हिंडायची. एकदा एक दुकानदार वैतागून म्हणाला, "बाई, तंबूला जाडच दोरी लागतंय. एवढी बारीक कामून बघायलाव?"

"तंबू काय म्हैस हाय व्हय अण्णा, दावं तोडून पळायला?" बाई म्हणाल्या. "त्येला ताण पाहिजे. जाडी न्हाई."

हवी ती दोरी शेवटी बाजारात मिळालीच नाही. आमच्याच तालुक्यातल्या मेहकरकडे मांजरा नदीच्या काठी एक कोळी जाळं दुरुस्त करत बसला होता. जाळ्याच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढी जाड, नायलॉनची गोफासारखी विणलेली दोरी होती. बाईंनी ती नदीतच भिजवली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं धरून मागे रेलल्या. दोरी जराशी लांबली, पण आखडली नाही, आणि पाणी झटकल्यावर पुन्हा पहिल्याइतकी हलकी. कोळी हसून म्हणाला, "अक्का, इससे मच्छी पकडते. तंबू नक्को पकडो."

"मासा ओढ देतोय न्हवं? मग वारा काय येगळं करणार हाय?"

तसलीच दोरी त्यांनी विकत घेतली. एका तंबूच्या सगळ्या दोऱ्या त्यांच्या एका मुठीत मावल्या. दुसऱ्या दिवशी ती गुंडाळी त्यांनी हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवली. "सर, उचलून बघा." सरांनी खरंच उचलून पाहिली. परवानगी द्यावी लागली. घरचे पाठवणार नाहीत, असा त्यांचा हिशेब असावा. पण बाई घरोघर गेल्या. ज्या घरात दारातूनच नाही म्हणाले, तिथं ओट्यावर बसून राहिल्या. नऊ मुली तयार झाल्या.

कॅम्प हळ्ळीखेडच्या माळावर होता, मुलांचा आणि मुलींचा एकत्रच; बाईंबरोबर मीही गेले. बसमधून उतरून मुली स्वतःचे तंबू पाठीवर घेऊन चालल्या, तेव्हा रस्त्याकडेची माणसं हातातली कामं टाकून बघत होती. कॅम्पचे प्रमुख एक वयस्क गृहस्थ होते. मुलींनी गावातल्या शाळेत झोपावं, असं त्यांनी सुचवलं. बाई म्हणाल्या, "शाळेत झोपायला आम्ही घरून कामून आलो असतो?" आणि खुंट्या ठोकायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं आणि माळावर वारा सुटला. मुलांचे दोन तंबू झोपले. मुलं हसत, ओरडत ते पुन्हा उभे करू लागली. मग आमचाही एक पडला. प्रमुख लगबगीनं आले. "बाई, मी सांगत होतो. आवरा, मुलींना शाळेत न्या."

बाई पडलेल्या तंबूपाशी गुडघ्यावर बसल्या होत्या. हातात दोरीचं टोक होतं. "दोरी तुटली न्हाई," त्या म्हणाल्या. "गुळगुळीत हाय, गाठ सरकली. सुताच्या दोरीची गाठ हिला चालत न्हाई, हे माझ्या ध्यानात आलं न्हाई." मग उठून उभ्या राहिल्या. "सर, मुलांचेबी दोन पडले. त्यांना कुणी शाळेत जा म्हणालं का?"

प्रमुख वळून मुलांच्या तंबूंकडे बघू लागले.

"मग आमचाबी पडंल. आम्ही उभा करू."

भर वाऱ्यात त्यांनी मुलींना प्रत्येक गाठीला आणखी एक वेढा द्यायला लावला. पाऊस आला तेव्हा मुली चिंब भिजल्या होत्या, पण एकही शाळेकडे गेली नाही. संध्याकाळी भाकरी थापताना त्या जे हसत होत्या, तसं हसताना मी त्यांना वर्गात कधी पाहिलं नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बाईंची बदली झाली, पार चिंचोळीच्या पलीकडे, सगळ्या कानडी मुलखात. कारण कुणी सांगितलं नाही. यजमान आणि त्यांची दोन मुलं भालकीलाच राहिली. एसटी सुटायच्या आधी मी रडायला लागले, तशा त्या चिडल्या. "रडायलीस कामून? मी काय मेले व्हय? पोरींचा कॅम्प बंद पडला तर मात्र तुझ्याशी बोलणार न्हाई."

थंडी आली. हेडमास्तर स्टाफरूममध्ये म्हणाले, "कॅम्पबाई गेल्या. आता मुलींना कोण नेणार?" मी, जिला खुंटीसुद्धा सरळ ठोकता येत नव्हती, ती म्हणाले, "मी नेते." त्या वर्षी चौदा मुली आल्या.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी घरच्यांबरोबर गाणगापूरला गेले होते. दर्शन करून संगमाच्या वाटेला लागलो तर समोरून मुलींची एक रांग येताना दिसली. प्रत्येकीच्या पाठीवर ओझं, आणि सगळ्यांच्या पुढे पिकल्या केसांच्या कॅम्पबाई. कानडीत काहीतरी दरडावत होत्या. मला बघून थांबल्या. मी पाया पडले.

"तिकडच्या शाळेत बी सांगितलं," त्या म्हणाल्या, "पोरी न्यायच्या न्हाईत म्हणून."

"मग?"

"मग काय," मागच्या रांगेकडे हात करून त्या म्हणाल्या, "आणल्या." आणि ऊन उतरायच्या आत मुक्काम गाठायचा म्हणून माझ्यापाशी न रेंगाळता पुढे निघून गेल्या.