एकाच बाजूनं वाहणारं नाक

फाल्गुनात गोजराबाईच्या मळ्यात सगळ्यांनाच शिंका येत. वाशीमपासून दोन कोसांवर तिचा नवरा उत्तमराव वांगी, कांदे आणि मिरची पिकवायचा. वाळलेल्या मिरचीचे देठ खुडताना घरातलं प्रत्येक माणूस नाक पुसत बसलेलं असे. म्हणून त्या दुपारी तीन वर्षांची हेमला नाक चोळत रडायला लागली, तेव्हा कुणी मान वर केली नाही.

"मिरची झोंबली असंन पोरीले," सासू सीताबाई म्हणाली. गोजराबाईनं लेकीचं तोंड थंड पाण्यानं धुतलं आणि तिला पुन्हा हरभऱ्याच्या सुपाशी खेळायला बसवलं.

दुसऱ्या दिवसापासून नाक वाहू लागलं. सीताबाईनं तव्यावर ओवा भाजून त्याची पुरचुंडी नातीच्या नाकाशी धरली. हेमला तिच्याच कुशीत निजायची; आजीशिवाय तिला घास उतरत नसे. चौथ्या दिवशी पाणी पिवळं झालं, त्याला घाण वास येऊ लागला. गोजराबाई दर घडीला पदरानं ते पुसत होती. येत होतं ते फक्त डाव्या नाकपुडीतून. तिनं ते पाहिलं होतं, पण पाहून सोडून दिलं होतं.

आठव्या दिवशी सीताबाईनं कनवटीची तपकिरीची डबी काढली. "डोकं भरलं पोरीचं. एक शिंक आली का सारं मोकळं होते. धर वं गोजरे तिचे हात."

गोजराबाईनं हात धरले.

शिंक आलीच नाही. हेमलानं रडता रडता मोठा श्वास आत ओढला आणि तो तिथंच अडला. ओठ काळेनिळे पडले. मग खोकल्याची उबळ आली, आणि छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज येऊ लागला. उत्तमरावानं छकडा जुंपला, बैल पळवले. गाव दिसायला लागलं तेव्हा गोजराबाईच्या मांडीवरचा तो आवाज थांबला होता.

दवाखान्यात उत्तमराव बैल बांधायला बाहेर थांबला. डॉक्टरांनी पोरीला तपासलं, चादर ओढली आणि हळू आवाजात विचारलं, "बाई, नाक एकाच बाजूनं वाहत होतं का?"

"हो जी. डाव्या."

डॉक्टरांनी चादरीची कड सारखी केली. मग म्हणाले, "आत दाणाबिणा अडकला असेल. ओलीनं फुगतो. जोराचा श्वास घेतला की खाली उतरतो, श्वासनळीत."

गोजराबाईच्या डोळ्यांपुढं हरभऱ्याचं सूप आलं. डॉक्टर पुढं सांगत होते. सर्दी दोन्ही बाजूंनी वाहते. एकीकडूनच घाण पाणी आलं, तर लेकराला आणून दाखवावं. बोट घालू नये, काही हुंगवू नये. जाणतं लेकरू असेल तर तोंड मिटून, मोकळी बाजू दाबून शिंकरायला लावावं. ती मान हलवत होती. शब्द न् शब्द तिच्या डोक्यात जाऊन बसला.

घरी सीताबाई दारातच उभी होती. नातीला पाहून तिनं ऊर बडवला. खूप वेळानं विचारलं, "काय म्हने डागतर?"

गोजराबाईनं सासूच्या हातांकडे पाहिलं. "छातीत कफ दाटला व्हता म्हने, आत्याबाई. आपल्या हाती काई नव्हतं."

नवऱ्यालाही तिनं तेच सांगितलं.

त्यानंतर तिची कूस उजवली नाही. पण कुणाचं लेकरू नाक चोळताना दिसलं, की ती त्याला उजेडात ओढून न्यायची. मिरची झोंबली असेल तर थंड पाण्यानं तोंड धुवायची. उन्हाळ्यात घोळणा फुटला, तर मान पुढं वाकवून नाकाचा मऊ शेंडा दाबून धरायची. आधी बाया हसल्या. मग आपणहून लेकरं घेऊन येऊ लागल्या.

पाच-सहा वर्षांनी शेजारच्या मळ्यातली पंचफुला आपल्या सात वर्षांच्या पोरीला घेऊन आली. उजवी नाकपुडी वाहत होती. सीताबाई ओट्यावर बसली होती, चिमटीत तपकीर घेऊन. गोजराबाईनं पोरीची डावी बाजू दाबली. "तोंड मीट माय. शिंकर आता. आखीन जोरानं." तिसऱ्या वेळी फुगलेला तुरीचा दाणा बाहेर पडला.

"तुले कसं समजलं वं, गोजराबाई?"

"डागतरानं सांगतलं व्हतं. एकाच बाजूनं वाहिलं का..." ती थबकली. पण बोलून झालं होतं.

सीताबाईची चिमूट सुटून तपकीर लुगड्यावर सांडली होती. तिनं ती झटकलीसुद्धा नाही.

त्या दिवसापासून म्हातारीनं तपकीर सोडली. जेवणही कमी झालं. गोजराबाईच्या ओठांवर रोज काहीतरी यायचं आणि ती ते गिळायची. असं वर्ष गेलं. एका सकाळी दोघी कांदा निंदायला बसल्या असताना सीताबाईच म्हणाली, "तू मले कधी बोलली नाई, गोजरे."

"काय बोलू, आत्याबाई? हात तं म्याच धरले व्हते."

सीताबाईनं खुरपं बाजूला ठेवलं आणि सुनेचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. हेमलाला माती दिल्यापासून दोघी एकमेकींसमोर रडल्या नव्हत्या. उत्तमराव पाणी सोडायला म्हणून दोनदा हाक मारून गेला. दोघींपैकी कुणीच ओ दिली नाही.